करंटच्या गोळ्या

वहिनीनेच त्या गोळ्यांना ते नाव दिलं. डबीवरची इंग्रजी अक्षरं दादा जुळवून वाचत होता, ‘ब्लॅक करंट’, आणि भाकरी थापणारा वहिनीचा हात थांबला.

“करंट? वायरीला हात लागल्यावर बसतो तो?”

“तो नाही गं. फळ आहे कसलं तरी. हे बघ चित्र.”

चित्रात काळ्याभोर मण्यांचा घोस होता. वहिनीने पिठाचे हात लांब धरून वाकून पाहिलं. “ही तर करवंदं. डोंगरभर पडलेली असतात, ती डबीत भरून विकतात होय?” दादाने शब्दकोश काढला. त्यात करंट म्हणजे ‘मनुका’ असं लिहिलं होतं. त्यावर वहिनी म्हणाली, “वीज, करवंद आणि मनुका, तिन्ही एका गोळीत. मग पळणारच पोरगी.” आम्ही पोट धरून हसलो. त्या डबीवरून आम्ही हसलो ते तेवढंच.

ही गोष्ट दोन हजार चार-पाचच्या सुमाराची. मी जव्हारला कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि दादा-वहिनीकडे राहत होते. दादा सरकारी कचेरीत कारकून होता, आमच्या घरातला टेबलखुर्चीवर बसणारा पहिला माणूस. आई आणि बा गावी, साखरशेतला, भात-नागली करून राहत. मी शाळेत असल्यापासून पळायची. आधी गंमत म्हणून, मग जिल्ह्याच्या स्पर्धांत. सरकारी नोकरभरतीत खेळाडूंसाठी काही जागा राखीव असतात आणि राज्यात पहिल्या तिघांत नंबर काढला तर आपण त्यात बसू शकतो, हे मला सरांनी सांगितलं, आणि त्या दिवसापासून पळण्यातली गंमत संपली. पळणं हे काम झालं.

सर एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. घाटावरचे, तिशीतले. स्वतः लांब पल्ल्याचे धावपटू होते, पण गुडघा गेला आणि पळणं सुटलं. मग ते स्कूटरवरून माझ्या मागे येऊ लागले. त्याचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. पण माझा नंबर आला तर तो त्यांचाही होता, हे न बोलता दोघांनाही ठाऊक होतं.

डबी त्यांनी आणली. त्यांचा एक मित्र ठाण्याला व्यायामशाळेत काम करायचा, त्याच्याकडून. रस्त्याच्या कडेला स्कूटर लावून त्यांनी मला समजावलं, “आपल्या अंगात दोन कोठ्या असतात. एक साखरेची, लहान. दुसरी चरबीची, मोठी. पळताना शरीर लहान कोठीत आधी हात घालतं. ती रिकामी झाली की पाय संपले. या फळाच्या अर्काने शरीर मोठ्या कोठीतून जास्त काढायला लागतं म्हणे. लहान कोठी शेवटच्या टप्प्यासाठी शिल्लक राहते.”

“सर, माझ्याकडे मोठी कोठी आहे कुठे?” मी माझ्या मनगटाकडे बघून विचारलं.

“असते. सगळ्यात बारीक माणसाच्या अंगातही चरबी पुष्कळ असते. काढता यायला हवी.”

मला ते पटलं. सुट्टीत साखरशेतला गेले तेव्हा मी तसंच्या तसं बाला सांगितलं. बा आमच्या घरच्या बोलीत बोलायचा, मराठी त्याला शाळेतून नव्हे, बाजारातून आलेली. तो खळ्यात दोरी वळत बसला होता. त्याने गोळी हातात घेऊन उजेडात धरली.

“चरबी जाळाची गोली?” तो म्हणाला. “आपले गावात?”

त्याने गोळी परत दिली आणि तो दोरीला लागला. मला तेव्हा राग आला होता. त्या वर्षांत जव्हार-मोखाडा या आमच्या दोन्ही तालुक्यांतली हडकुळी पोरं अंगणवाडीच्या वजनकाट्याला लटकायची, आणि काटा जरासा पुढे गेला तर पोराची आई तो आकडा शेजारणीला सांगत सुटायची. आमच्याकडे चरबी जेवणात असली तर खुरासणीच्या तेलाची, तीही सणाला जरा हात सैल सोडून. ती जाळून टाकायला कुणी गोळी बनवली आहे, हे बाच्या डोक्यात मावेना. त्याचं चुकलं असंही नव्हतं, आणि सर खोटं बोलत होते असंही नव्हतं.

गोळी घ्यायची आणि सकाळी उपाशीपोटी पळायचं, असं सरांनी ठरवलं. पोट रिकामं असलं की चरबी लवकर पेटते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आठवड्यातून एकदा लांबची धाव असायची, जव्हार ते मोखाडा. थंडीचे दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धुकं, मधूनच एखादी जीप पिवळे दिवे लावून अंगावर यायची आणि आतली माणसं मान वळवून बघायची. पहिल्या दोन-तीन धावा छान गेल्या. वळणं सरत गेली, चढावर श्वास तुटला नाही. मोखाड्याच्या पहिल्या घरांपाशी सर घड्याळ दाखवून हसले. मी त्या रात्री वहिनीला म्हटलं, करंट लागला बरं का.

चौथ्या धावेला मोखाडा दिसायच्या आधीच माझे पाय गेले. दुखले नाहीत, नुसते गेले. मी पाऊल टाकत होते पण ते कुणा दुसऱ्याचं असावं तसं पडत होतं. कानांत भुंगा शिरला. सरांची स्कूटर मागे आहे की पुढे, कळेना. मी मैलाच्या दगडावर बसले आणि उगाचच रडू लागले. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही. सरांनी मला स्कूटरवर घेऊन पुढच्या टपरीपाशी नेलं. दोन चहा पाजले, साखर वरून घालायला लावली, आणि टपरीवाल्याकडची शिळी जिलेबी खाऊ घातली. थोड्या वेळाने हातपाय माझे वाटू लागले.

“आज गोळी घेतली होतीस ना?” त्यांनी विचारलं.

“घेतली होती.”

त्यांनी टपरीवाल्याचे पैसे दिले. मग म्हणाले, “उद्यापासून भाकरी खाऊन निघ. गूळ घे बरोबर.”

“आणि गोळी?”

“गोळीही घे.”

तेव्हापासून मी दोन्ही घेऊ लागले, गोळी आणि भाकरी. पाय पुन्हा गेले नाहीत. पण यातलं काय लागू पडलं, ते मात्र कुणालाच सांगता येईना.

स्पर्धा जवळ आली तेव्हा डबी संपत आली होती. सरांनी ती नेली आणि भरून आणली. डबी तीच, आतल्या गोळ्या मात्र वेगळ्या वाटल्या. आधीच्या गोळीतली पूड जांभळी होती, बोटाला लागली तर धुतल्याशिवाय जात नसे. ही तपकिरीकडे झुकणारी होती. नवी गोळी घेतली की माझं काळीज धडधडायचं, पळण्याच्या आधीच. मी सरांना सांगितलं.

“ती स्पर्धेची धडधड आहे,” ते म्हणाले. “मलाही होतेय.”

राज्याची स्पर्धा घाटावरच्या एका मोठ्या शहरात होती, एकवीस किलोमीटरची. त्यातून पुढे राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवड व्हायची होती. शर्यतीबद्दल मला फार सांगता येत नाही. शेवटच्या टप्प्यात माझ्यापुढच्या मुलीचा खांदा एका बाजूला पडू लागला हे दिसलं, आणि मी तिला गाठलं, एवढं आठवतं. माझा तिसरा नंबर आला. सर दोरीच्या पलीकडून हात उंचावून ओरडत होते. मी त्यांच्याकडे जायला वळले तर गळ्यात बिल्ला अडकवलेली एक बाई माझ्यासमोर उभी राहिली.

“अभिनंदन. तुम्हाला नमुना द्यायचा आहे, लघवीचा. पहिल्या तिघींचा घेतोय. तोवर मी तुमच्यासोबत राहणार.”

तिने माझा हात धरला नाही, पण हातभर लांबही गेली नाही. मी पाणी प्यायले, तिने पाहिलं. मी बूट सोडले, तिने पाहिलं. सर दोरीखालून वाकून आले. बिल्लेवाली बाई त्यांना थांबवणार तेवढ्यात ते माझ्या कानाशी एवढंच म्हणाले, “काही घेत नाही असं सांग.” मग आमच्यामध्ये दार बंद झालं.

आत दोन खुर्च्या, एक टेबल आणि पाण्याच्या सीलबंद बाटल्यांचं खोकं होतं. एवढं पळून आल्यावर अंगात पाणीच नव्हतं. मी बाटल्यांवर बाटल्या प्यायले तरी होईना. पहिल्या दोघी येऊन, नमुना देऊन, पदक घेऊन गेल्या. बाहेर बक्षिसाची नावं पुकारली गेली. माझं नाव दोनदा पुकारलेलं ऐकू आलं आणि मी तिथेच बसून होते. शेवटी झालं. ती बाई संडासाच्या दारात उभी राहून बघत होती, तो नियमच होता. घरच्या बाईसमोरही मी तशी कधी बसले नव्हते.

भांड्यातला रंग मी पाहिला. गडद, काळ्या चहासारखा. मला वाटलं, उतरला. गोळीचा रंग उतरला.

टेबलापाशी एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझ्यासमोर तो नमुना काचेच्या दोन बाटल्यांत ओतला, झाकणं फिरवून घट्ट केली, आणि मलाच ती ओढून बघायला लावली. मग पेन घेऊन विचारलं, “गेल्या काही दिवसांत काही औषध? गोळी, इंजेक्शन, टॉनिक?”

सरांचं वाक्य माझ्या कानात होतं. पण माझी नजर बाटल्यांवरून हटेना. खरं बोलायचं असं ठरवून मी बोलले नाही. मला वाटलं, यांना दिसतंच आहे, आता लपवून काय होणार.

“करंटच्या गोळ्या,” मी म्हटलं.

पेन थांबलं. “कसल्या?”

“ब्लॅक करंट. फळ असतं. काळं, करवंदासारखं.”

“हां, हां. त्याचा अर्क. कशासाठी घ्यायचीस?”

“चरबी जाळायला.”

डॉक्टरबाईंनी मान वर करून मला नीट पाहिलं. माझ्या गळ्याची हाडं, दंड. त्या हसल्या नाहीत याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. “कुणी दिल्या?”

“आमच्या सरांनी.”

“डबी आहे इथे?”

“सरांकडे आहे. पण बाई, तो रंग गोळीचाच आहे ना?”

“रंग? अगं, तो पाणी कमी पडल्याचा रंग आहे.” त्यांनी लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. “हे बघ, फळात काही वावगं नाही. पण डबीत नुसतं फळच असेल असं नसतं. लोक त्यात भलतंच मिसळतात, वर काही लिहीत नाहीत. आणि खेळाडूच्या अंगात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो. कळतंय ना?”

“सरांनी दिलं असेल तरी?”

“देवाने दिलं असेल तरी.”

“कधी कळेल?”

“काही निघालं तर खेळाची राज्य संघटना कळवेल. तोवर तुझं प्रमाणपत्र थांबेल.”

बाहेर आले तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. मांडवाचे बांबू काढणं चालू होतं. सर एका खांबाला टेकून उभे होते, त्यांच्या हातात माझं पदक होतं, माझ्या वतीने घेतलेलं. ते काही विचारायच्या आत मीच म्हटलं, “मी सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“गोळ्यांचं.”

“माझं नाव?”

“कुणी दिल्या विचारलं. तुम्ही दिल्या म्हटलं.”

ते स्टँडकडे चालू लागले. परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. पदक त्यांच्याच शर्टाच्या खिशात होतं. ते मागावं असं मला वाटलं नाही, द्यावं असं त्यांना सुचलं नाही. गाडी त्र्यंबकच्या पुढे वळणाला लागली तेव्हा ते काचेकडे तोंड करून म्हणाले, “दुसऱ्या खेपेच्या गोळ्या त्या कंपनीच्या नव्हत्या.”

“म्हणजे?”

“डब्या मिळेनात. मित्राने सुट्या दिल्या, पिशवीतून. त्याच फळाच्या आहेत म्हणाला. मी त्या जुन्या डबीत भरल्या.”

“त्यांत काय आहे?”

“मला माहीत नाही.”

मोखाडा आलं, गेलं. ज्या टपरीवर मी जिलेबी खाल्ली होती ती बंद होती. मला ओरडायचं होतं. पण गाडीत बाजारची माणसं होती, कोंबड्या होत्या, आणि शेजारी बसलेला माणूस माझा सर होता. मी पिशवी छातीशी धरून बसून राहिले.

दादाला सगळं सांगितलं. तो सरांवर चिडला, मग माझ्यावर, मग स्वतःवर, कारण डबी त्यानेच मोठ्याने वाचली होती. “मी बघतो,” म्हणून तो सरांच्या खोलीवर गेला. आमचं ठरलं होतं की उरलेल्या गोळ्या आणायच्या आणि कुठेतरी तपासून घ्यायच्या. तो हात हलवत परत आला.

“फेकल्या म्हणतो.”

“कुठे?”

“ओढ्यात. पुरावा नको म्हणून असेल. आता सगळं तुझ्यावर.” त्याने पायातली चप्पल भिंतीशी भिरकावली. दादाला मी असं करताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग सुरू झालं ते वाट बघणं. त्यात सगळ्यात वाईट हे होतं, की कशाची वाट बघायची तेच धड नव्हतं. काही निघालं तर कळवणार होते. नाही निघालं तर नुसतं कागदावर नाव घालून प्रमाणपत्र येणार होतं. रोज काही आलं नाही, की त्याचा अर्थ चांगला घ्यावा की वाईट, कळत नसे. दादाच्या कचेरीतला फोन वाजला की तो उचलायला कचरायचा. वनखात्याच्या भरतीची जाहिरात निघाली होती. खेळाडूंच्या जागेसाठी प्रमाणपत्र जोडायचं होतं, आणि ते नव्हतं.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. वहिनीने ठेवलेलं नाव तिच्याच तोंडून कुठेतरी गेलं असणार. जव्हारच्या बाजारात एक पोरगा माझ्या पाठीमागून ओरडला, “ए, करंट बसला काय?” वहिनी त्या दिवशी माझ्यासमोर बसून रडली. मी तिला म्हटलं, तुझी काय चूक. पण माझा आवाज कोरडा होता आणि तो तिला कळला.

मी पळणं सोडलं. एकदा सकाळी निघून पाहिलं, गोळी नाही, कुणी मागे नाही. काळीज तसंच धडधडलं. त्या धडधडीला आता कुणाचं नाव द्यायचं? मी वाटेतच थांबले, चालत परत आले, आणि दुसऱ्या दिवशी कपडे भरून साखरशेतला गेले.

आईने काही विचारलं नाही. फक्त पहिल्या रात्री जेवताना म्हणाली, “ते गोलीत ईख होता का?” ईख म्हणजे विष.

“माहीत नाही, आय.”

“मंग मूत परत दाखव त्यांना. आता चांगला असंल.”

आम्हाला हसू यायला हवं होतं. बा ताटावरून उठून अंगणात गेला.

राब भाजायचे दिवस आले. पावसाआधी भाताच्या रोपांची जागा भाजून घ्यायची असते, त्यासाठी फांद्या, पाला, शेण पसरून आम्ही थर लावत होतो. दुपार होती. बांधावरून एक माणूस लंगडत येताना दिसला. गुडघ्यावरून मी ओळखलं. स्कूटर पुढे येईना म्हणून त्यांनी ती रस्त्यालाच सोडली होती. मी हातातला पाला खाली ठेवला नाही.

सर शेताच्या कडेला थांबले. आत कसं यावं, कुठे पाय ठेवावा, त्यांना कळत नव्हतं.

“काही निघालं नाही,” ते तिथूनच म्हणाले.

“काय?”

“नमुना साफ आहे. संघटनेने सांगितलं. प्रमाणपत्र मिळेल.”

बाने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “साफ म्हणजे चांगला?” त्याने विचारलं.

“चांगलं,” सर म्हणाले.

आई मटकन खाली बसली, पाल्यावरच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला जो आला तो राग होता, इतके दिवस साठलेला. “तुम्हाला काय ठाऊक?” मी ओरडले. “तुम्ही तर ओढ्यात फेकल्या. आम्ही तपासायलाही मागितल्या तर दिल्या नाहीत. मी एकटी मरत होते इथे.”

सरांनी मान खाली घातली. “फेकल्या नाहीत.”

“दादाला तुम्ही स्वतः सांगितलं.”

“सांगितलं, कारण तेव्हा फेकणारच होतो. तो गेल्यावर डबी घेऊन ओढ्यापर्यंत गेलो. झाकण उघडलं होतं. फेकवेना. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने संघटनेच्या लोकांकडे गेलो. डबी दिली. सगळं लिहून दिलं, की मी दिल्या, मुलीला सुट्या गोळ्यांचं माहीत नव्हतं.” ते थांबले. “शाळेत चौकशी लागली तेव्हापासून. म्हणून इकडे आलो नाही. येऊन काय सांगणार होतो?”

“निदान एवढं तरी.”

“हो,” ते म्हणाले. “एवढं तरी सांगायला हवं होतं.”

“काय होतं त्यांत?” मी विचारलं.

“फळ. संघटनेने तपासून घेतलं. हलक्या प्रतीचं, त्यात मैद्यासारखं काहीतरी जास्त. बाकी काही नाही.”

“आणि धडधड?”

त्यांनी मान हलवली. ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“सर, चरबी जळत होती का पण?”

“जळत असेलही थोडी. लोक म्हणतात जळते. तू त्यामुळे तिसरी आलीस का, ते मला सांगता यायचं नाही.” त्यांनी खिशातून रुमालात बांधलेलं पदक काढून बांधावर ठेवलं. माझ्या हातात द्यायचा त्यांना धीर झाला नाही.

आई उठली, हात झटकले, आणि म्हणाली, “उन्हात उभा करशील का त्यांना? घरात घे.” त्यांनी आमच्याकडे नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी खाल्ली. बा त्यांच्याशी फार बोलला नाही. पण वाढताना त्याने तेलाचं भांडं स्वतः उचललं आणि त्यांच्या आमटीवर धार सोडली. माझ्याही ताटात सोडली.

प्रमाणपत्र आलं तेव्हा त्या वर्षीची भरतीची मुदत उलटली होती. राष्ट्रीय स्पर्धेला मी गेले आणि बरीच मागे राहिले. त्या स्पर्धेला सर आले नव्हते, त्यांची चौकशी चालू होती. पुढच्या भरतीत माझं नाव लागलं आणि मी वनरक्षक झाले. भरतीतल्या लांब चालण्याच्या परीक्षेत माझ्याबरोबरच्या पोरी पाय धरून बसत होत्या आणि मी पुढे निघाले, त्या दिवशी बऱ्याच काळाने माझं अंग मला माझं वाटलं. मोखाड्याकडच्या जंगलात मला पहिली नेमणूक मिळाली.

सरांची चौकशी ताकीद देऊन मिटली आणि त्यांनी घाटावर बदली करून घेतली. निघताना ते भेटायला आले नाहीत, मीही गेले नाही. अलीकडे नाशिकच्या स्टँडवर अचानक दिसले. केस पांढरे झालेत, अंगाने भरलेत. आम्ही बाकावर बसून इकडचं तिकडचं बोललो, त्यांच्या मुलीचं, माझ्या बदल्यांचं. त्या दिवसांचा विषय कुणीच काढला नाही. त्यांची गाडी लागली तेव्हा पिशवी मी वर चढवून दिली. खिडकीतून ते म्हणाले, “दादाला नमस्कार सांग.”

मी घरी येऊन सांगितला. दादा पेपर वाचत होता. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, “बरं.”